न आलेला साक्षीदार

॥ श्री ॥

वेलचेरी, चेन्नई
१४ एप्रिल २०२५

चि. सौ. अवनी हीस जनकोजीचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

येथे सर्व ठीक, गुडघे सोडून. आज आमच्या तमिळ वर्षाचा पहिला दिवस. कैरीची पचडी केली, तीत घालायला कडुनिंबाची फुलं गच्चीवरून वेचून आणली. तुझी सासू अंबुजा आज असती तर गूळ कमी पडला म्हणून दोनदा बोलली असती. तुझ्या वाटणीची पचडी मीच खाल्ली, त्याची पोचपावती पोटाने दिली आहे.

तुझं २६ मार्चचं पत्र बारा दिवसांनी हाती आलं. चारच ओळी, पण इतक्यांदा वाचल्या की कागद घडीवर फाटायला आला. स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार कोर्टाने आपल्या श्रीहरीच्या बाजूने निकाल दिला. फोनवर सांगितलं असतंस तर मला अर्धंच कळलं असतं. कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं, शिवाय कानावर पडलेल्यापेक्षा कागदावर उतरलेलं मला जन्मभर जास्त खरं वाटत आलं.

तुम्ही राहता त्या देशातल्या तीन कोर्टांनी मिळून माझा मुलगा दोषी ठरवला होता. खालच्याने पाच वर्षांची शिक्षा दिली, मधल्याने ती कायम केली, वरच्याने अर्ज दारातूनच परत पाठवला. त्याच्या कारखान्यातली ती कामगार बाई प्रेस मशीनमध्ये सापडून गेली हे वाईटच झालं. पण पाळीवरचा इंजिनिअर म्हणून दोष आला श्रीहरीवर, आणि तोही कशावर? जो इलेक्ट्रिशियन कोर्टात कधी उभाच राहिला नाही, त्याच्या पोलिसांपुढल्या जबानीच्या कागदावर. आता त्या तिघांच्याही डोक्यावरचं कोर्ट बोललं. मी आमच्या इमारतीत चौदा दारांना मैसूरपाक वाटला. आठ नंबरच्या मामी गेली तीन वर्षं माझ्याशी लिफ्टमध्ये फक्त हवेबद्दल बोलत होत्या. त्यांनी दोन तुकडे घेतले.

आता मुद्द्याचं. निकालाला वीस दिवस झाले, मुलगा अजून आत कसा? चौतीस वर्षं मी अमीना म्हणून हुकुमनामे बजावले (साताऱ्याकडे त्याला बेलिफ म्हणतात हे तूच मला शिकवलंस). वरचं कोर्ट बोललं की खालचं गप्प बसतं. सकाळी निकाल, दुपारी नक्कल, संध्याकाळी मी दारात. मला वाटतं तुमचे वकील जिंकून झोपले आहेत, वकिलांची ती जातच आहे. म्हणून सोबत मी स्वतः अंमलबजावणीचा अर्ज इंग्रजीत लिहून पाठवला आहे, आमच्या कोर्टाच्या नमुन्याबरहुकूम. तुरुंगाच्या अधिकाऱ्याचं नाव घालायची जागा मोकळी सोडली आहे, ती भर आणि नेऊन दे. निकालाची पुरी नक्कल मला पाठव, नुसता सारांश नको.

श्रीहरीला भेटशील तेव्हा सांग की त्याची खोली पुसून ठेवली आहे. तू माझ्यावर माया ठेवतेस हे मी धरूनच चालतो.

तुझा
अप्पा


२ मे २०२५

ती. अप्पांच्या चरणी अवनीचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

तुमचं पत्र आणि तुमचा अर्ज मिळाला. अर्जातली तुमची इंग्रजी पाहून इथले वकील चकित झाले. इतकी रुबाबदार भाषा त्यांनी फक्त जुन्या कागदांत पाहिली होती म्हणे. पण अप्पा, तो अर्ज देता येत नाही. असा अर्ज घेणारं कोर्टच कुठे नाही.

तुम्हाला समजेल असं सांगायचा प्रयत्न करते, चुकलं तर रागावू नका. स्ट्रासबर्गचं कोर्ट इथल्या कोर्टांच्या वर बसलेलं नाही, बाजूला बसलेलं आहे. त्याने म्हटलं ते इतकंच की आरोपीला ज्याची उलटतपासणी कधीच करता आली नाही, त्या साक्षीदाराच्या जबानीवर मुख्यतः विसंबून शिक्षा देणं न्याय्य नव्हतं. चूक केली ती या देशाने, असा तो निकाल आहे. इथला निकाल त्याने रद्द केलेला नाही, तो जसाच्या तसा उभा आहे. श्रीहरीने ते केलं की नाही, यावर स्ट्रासबर्गने एक शब्दही काढलेला नाही.

शिवाय हा निकालही तीन महिने कच्चा असतो. तोवर कोणी मोठ्या पीठाकडे गेलं नाही तर तो पक्का होतो. मग इथल्या कायद्याप्रमाणे, खटला पुन्हा उघडा असा अर्ज इथल्याच कोर्टात करता येतो. त्याची मुदत नव्वद दिवसांची.

नक्कल सोबत आहे. लोकांना फार काही सांगू नका, एवढी माझी विनंती. मैसूरपाक वाटलात ते वाटलात.

मी घर बदललं आहे. नवीन पत्ता पाकिटावर आहे, पुढचं पत्र तिथेच पाठवा. गुडघ्याला तेल लावत जा. लिफ्ट बंद असेल तेव्हा हट्टाने जिने चढू नका. आठ नंबरच्या मामींना तिसरा तुकडा देऊ नका, त्यांना साखर आहे असं तुम्हीच मागे लिहिलं होतंत.

तुमच्या आशीर्वादावर हक्क सांगणारी,
अवनी


॥ श्री ॥

वेलचेरी
२४ मे २०२५

चि. अवनीस आशीर्वाद.

येथे उन्हाळा कडक आहे. बाकी क्षेम विचारू नकोस.

तू पाठवलेला निकाल मी डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचला, अकरा दिवस लागले. शेवटी लिहिलं आहे की अन्याय झाला असं आम्ही म्हटलं, हीच अर्जदाराला पुरेशी भरपाई. अवनी, चौतीस वर्षांत मी शेकडो जिंकलेले पक्षकार पाहिले. एका वाक्यावर समाधान मानून घरी गेलेला एकही नव्हता.

पण मला लिहायचं आहे ते दुसरंच. मी शिकलेला माणूस नाही, आठवीत शाळा सुटली. मात्र कागद हातात आला की पानं मोजायची सवय हाडात आहे. नकलेला अडतीस पानं हवीत, माझ्या हाती चौतीस आली. बारा ते पंधरा नाहीत. अकराव्या पानावर वाक्य अर्धं तुटतं आणि सोळाव्यावर भलतंच सुरू होतं. पोस्टात पाकीट हरवतं, पाकिटातली मधली चार पानं कधी हरवत नाहीत.

तिसऱ्या मजल्यावर शरण्या म्हणून एक मुलगी राहते, हायकोर्टात वकिली करते. मी तिच्याकडे गेलो. तिने त्या कोर्टाच्या वेबसाइटवरून दोन मिनिटांत सगळी पानं छापून दिली. निकाल सगळ्या जगाला खुला आहे, फक्त माझ्यापासून झाकायचा होता असं दिसतं. त्या चार पानांत इलेक्ट्रिशियनची जबानी आहे. मशीनच्या तोंडाशी प्रकाशाचा पडदा असतो, कोणी आत गेलं की मशीन आपोआप थांबतं. तो पडदा तार जोडून निकामी करायला पाळीवरच्या इंजिनिअरने सांगितलं, असं तो म्हणतो. खोटारडा. आपल्या मानेवरचं माझ्या मुलाच्या मानेवर टाकून पळाला.

आता तू मला सांग, ही पानं तू का काढलीस? शरण्याने मला समजावलं ते तुझ्याशी जुळतं, तेवढं मान्य करतो. ती म्हणाली, बाहेरचा वडीलधारा माणूस यजमानाला खडसावतो, पण स्वयंपाकघरात शिरून हंडा उतरवत नाही, उतरवायचा त्या घरच्यांनीच. आणि घरचे उतरवतील ते कोणी मागितलं तर. मागायचा हक्क श्रीहरीला आहे, बायकोने कागद हलवले तर. ती म्हणाली, अर्ज एव्हाना तयार असायला हवा, चांगले वकील मुदतीची वाट बघत नाहीत. तुझ्या पत्रात अर्ज तयार आहे असं एक अक्षर नाही.

आणखी आहे. पाकिटाच्या मागे तू नुसतं अवनी लिहिलंस, आडनाव नाही. अमीनाला दारावरची पाटी आधी दिसते. राव हे आडनाव तुझ्या नव्या दारावर आहे का? घर का बदललंस? श्रीहरी सुटून आला तर त्याला कुठल्या दाराशी जायचं ठाऊक आहे का? नवरा आत आणि बायको बाहेर, तिला तिथे चांगली नोकरी, वय चाळिशीच्या अलीकडे. मी जग पाहिलं आहे. तुला मोकळं व्हायचं असेल तर तसं तोंडावर सांग, पण माझ्या मुलाची मुदत संपवून मोकळी होऊ नकोस.

उत्तर पाठव, पुरी पानं मोजून.

जनकोजी राव


३० जून २०२५

ती. अप्पांस नमस्कार.

तुमच्या पत्राला उत्तर लिहायला महिना लागला. तीन पत्रं लिहिली आणि फाडली, ती चांगली नव्हती.

या वेळी तुम्ही माझ्या नावामागचं ‘सौ.’ गाळलंत. तुम्ही पानं मोजता, मी अक्षरं मोजते.

आधी तुमचे प्रश्न. आडनाव लिहीत नाही कारण ते इथल्या वर्तमानपत्रांत छापून आलं आहे. जुन्या घराच्या पत्रपेटीत लोक काय काय टाकून जायचे ते तुम्हाला सांगणार नाही. घर बदललं कारण जुन्या घराच्या गॅलरीतून तो कारखाना दिसतो. श्रीहरीला नवीन पत्ता पाठ आहे.

गेलेल्या त्या कामगार बाईच्या नवऱ्याने स्ट्रासबर्गच्या निकालानंतर एका पत्रकाराला सांगितलं की त्यांच्यासाठी हे सगळं मिटलं होतं. मुलींनी आईचा फोटो भिंतीवर लावला होता, घर हळूहळू जागेवर येत होतं. आता पक्क्या निकालालाही पक्का म्हणायचं नाही का, असं त्याने विचारलं. हे मी वाचलं तेव्हा मला आपणा सगळ्यांचाच राग आला, त्यांचा नाही.

२५ जूनला निकाल अंतिम झाला. मोठ्या पीठाकडे कोणी गेलं नाही. नव्वद दिवस म्हणजे २३ सप्टेंबर. अर्ज एप्रिलपासून तयार आहे, अप्पा. वकिलांनी तो इलेक्ट्रिशियनही शोधून काढला. तो त्याच्या मायदेशी परत गेला होता, पण बोलावलं तर येऊन साक्ष द्यायला तयार आहे. एवढं सगळं तयार असून अर्ज पडून आहे, कारण त्यावर सही श्रीहरीची लागते आणि तो सही करत नाही. मी पाच वेळा कागद घेऊन गेले. पाचही वेळा त्याने माझी, माझ्या आईची, तुमच्या गुडघ्यांची चौकशी केली आणि कागद परत माझ्याकडे सरकवला.

ती चार पानं मीच काढली. का, हे तुम्ही त्याला विचारा, मी त्याच्या वतीने सांगणार नाही. पण माझ्याही मनात एक संशय आहे, तो आज लिहून टाकते. चार वर्षांत तुम्ही मला वकिलांबद्दल विचारलंत, तुरुंगातल्या जेवणाबद्दल, हुकुमाच्या नकलेबद्दल. ती चार पानं वाचूनही तुम्ही विचारलंत की मी ती का काढली. त्यांत लिहिलंय ते खरं का, हे तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. मला नाही, आणि तो म्हणतो की त्यालाही नाही. इतका बारकाईने बघणारा माणूस हाच एक प्रश्न कसा विसरतो?

राग ठेवू नका असं म्हणत नाही. ठेवलात तर कळवत जा.

अवनी


॥ श्री ॥

वेलचेरी
१४ जुलै २०२५

चि. श्रीहरीस अप्पांचे आशीर्वाद.

तुझं खाणंपिणं बरं असेल असं धरून चालतो. हे पत्र लहान आहे, बाकी बातम्या मागाहून.

अवनी म्हणते तू सही करत नाहीस. मी आधी तिच्यावरच संशय घेतला आणि तिला वाटेल ते लिहिलं. तुझ्या कानावर येईलच, नाही आलं तर तिचा मोठेपणा.

मी अमीना होतो. हुकुमनामा हातात आला की घरातली भांडी दारात मांडायची, कुलूप घालायचं, पंचांच्या सह्या घ्यायच्या. आत बसलेली माणसं माझ्याकडे बघून म्हणायची, ऐका हो, खरं काय ते ऐका. मी म्हणायचो, ते कोर्टात सांगायचं होतं, आता निकाल पक्का आहे. खरं काय ते विचारायचं नाही, ही माझ्या नोकरीची पहिली अट होती. ती अट मी घरात कधी आणली ते मला समजलं नाही.

आज विचारतो. पडदा बंद करायला तू सांगितलंस का?

जे असेल ते लिही. माझ्या तब्येतीचा विचार करून लिहू नकोस.

तुझा
अप्पा


८ ऑगस्ट २०२५

ती. अप्पांस शि. सा. नमस्कार.

माझं मराठी लिहिणं तुम्हीच शिकवलंत तेवढंच आहे, तमिळमध्ये लिहिलं असतं तर सोपं गेलं असतं. पण हे मला सोपं व्हायला नको आहे. इथून जाणारी पत्रं कधी कधी भाषांतर करवून वाचतात. हे वाचलं तर वाचू दे.

हो अप्पा, मीच सांगितलं.

त्या दिवशी तो पडदा उगाचच मशीन थांबवत होता. तेलाची वाफ त्याच्या काचेवर बसायची, आत कोणी नसताना कोणीतरी आहे असं त्याला वाटायचं. तासाला सात-आठ वेळा लाइन बंद. सोमवारी दुरुस्तीवाले येणार होते, मधे तीन दिवस काढायचे होते. मॅनेजर दर अर्ध्या तासाने विचारून जायचा की मशीनमधून पत्रे का निघत नाहीत. तोंडाने त्याने कधीच सांगितलं नाही की पडदा बंद करा. सांगायची गरज नव्हती. मी इलेक्ट्रिशियनला म्हटलं, सोमवारपर्यंत तार जोडून ठेव. तो नको म्हणत होता. मी म्हटलं, जबाबदारी माझी. शनिवारी ती बाई अडकलेला पत्रा काढायला आत वाकली.

कोर्टात मी सांगितलं की मी असं काही बोललो नाही, त्याने आपल्या मनानेच केलं असेल. तो तोवर घाबरून देश सोडून गेला होता, मला खोटं पाडायला समोर कोणी नव्हतं.

तुम्हाला माझ्या पहिल्या नोकरीचा गिंडीतला कारखाना आठवतो? तिथल्या प्रेसला दोन बटणं होती, दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय साचा खाली यायचा नाही, म्हणजे हात आत राहू नयेत. सगळे एका बटणावर सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून बांधायचे. एक हात मोकळा झाला की काम दुप्पट व्हायचं. पहिल्याच आठवड्यात मी ते शिकलो, घरी येऊन सांगितलं. अम्मा भ्यायली. तुम्ही हसलात आणि म्हणालात, मुलगा हुशार निघाला. मी तुम्हाला दोष देत नाही. मीही हसलो होतो. फक्त इतकंच की सुरक्षेचा पडदा अडला तर तो बाजूला करायचा, हे मला चूक वाटतच नव्हतं, कामाची रीत वाटत होती.

आता सहीचं. स्ट्रासबर्गने म्हटलं, माझ्यावर अन्याय झाला. ते खरंच आहे. ज्याला मी प्रश्न विचारू शकलो नाही त्याच्या कागदावर मला शिक्षा झाली. अवनी चार वर्षं त्यासाठी धावली, मी निर्दोष आहे असं समजून. एप्रिलमध्ये ती निकाल घेऊन आली, रडत होती, हसत होती. तेव्हा मी तिला खरं सांगितलं. त्यानंतर ती दर आठवड्याऐवजी पंधरवड्याने येते.

हा निकाल असाच राहिला तर दोन्ही माझ्या हाती राहतात. शिक्षा भोगून होते, आणि जगाला सांगता येतं की खटलाच चुकीचा होता. तुम्हाला मैसूरपाक वाटता येतो. खटला पुन्हा उघडला तर तो माणूस येणार, माझ्याकडे बघून सांगणार, आणि मग मला बोलायला काही उरत नाही. वकील म्हणतात, मॅनेजरचा दबावही पुढे येईल, शिक्षा कमीसुद्धा होईल. मला शिक्षेची भीती नाही. त्याने समोर येऊन बोलण्याची आहे.

तुम्ही म्हणालात, तब्येतीचा विचार करू नकोस. केला नाही.

श्रीहरी


॥ श्री ॥

वेलचेरी
२२ ऑगस्ट २०२५

चि. श्रीहरीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र सोमवारी आलं. पोस्टमनने सही मागितली तेव्हा माझ्याकडून दुसऱ्याच्या रकान्यात झाली. दोन दिवस मी घराबाहेर पडलो नाही. शरण्या विचारायला आली, तिला मला ताप आहे असं सांगितलं. चौदा दारांपैकी नऊ दारं कालपर्यंत झाली. मी प्रत्येक ठिकाणी सांगितलं की निकाल आला तो मुलगा निर्दोष आहे असा नव्हता, खटला नीट झाला नाही असा होता, आणि दोन्ही एक समजण्याची चूक माझी. मामींनी बसायला पाट दिला. बहुतेकांना फरक कळला नाही. मला तरी कुठे कळला होता.

गिंडीची गोष्ट आठवते. मी हसलो होतो, हे खरं. तुझी अम्मा रात्रभर म्हणत होती की मोकळा केलेला हात एक दिवस आत जाईल. तिचं मी ऐकलं नाही. कोणाचा हात मोकळा आणि कोण आत गेली, याचा हिशोब मी तुझ्याकडे मागत नाही, स्वतःशी करतो आहे.

तू म्हणतोस हा निकाल असाच राहू दे. बाळा, असाच राहिलेला निकाल पक्का नसतो, त्याला नुसतं कुलूप असतं. ही मोडकी अक्कल मी आयुष्यभर कुलपं लावून कमावली आहे. त्या बाईच्या नवऱ्याला वाटतं, प्रकरण मिटलं. पण त्याच्याही हाती काय आलं? न आलेल्या माणसाचा कागद. तू ‘नाही’ म्हणालास, कागद ‘हो’ म्हणाला, आणि कोर्टाने कागदावर विश्वास ठेवला. उद्या त्याच्या मुली मोठ्या होतील आणि कुणीतरी त्यांना ते परदेशी कोर्टाचं वाक्य वाचून दाखवेल, की तुमच्या आईच्या खटल्यात आरोपीवरच अन्याय झाला होता. मग त्यांनी कुणावर विश्वास ठेवायचा? आणि तो इलेक्ट्रिशियन, ज्याला मी खोटारडा म्हटलं, ज्याला तू खोटा पाडलास, तो नको म्हणत होता. त्याला कोणी कधी विचारणार आहे की नाही?

तू सुटावास म्हणून मी हे लिहितो आहे असा संशय तुला येईल. येऊ दे. मला स्वतःलाही येतो. रात्री वाटतं, शिक्षा कमी होईल म्हणूनच म्हातारा एवढी मोठी भाषा करतो आहे. दिवसा वाटतं, तसं नाही. दोन्हीतलं खरं कोणतं हे सांगता येत नाही, पण दोन्ही वेळी लिहावंसं वाटतं ते एकच. सही कर. तो येऊ दे. तो बोलेल तेव्हा मान खाली घालू नकोस, आणि खरं असेल त्याला हो म्हण. जितका दोष मॅनेजरचा तितका त्याच्या पदरी पडो, जितका तुझा तितका तुझ्या. त्यानंतर जो निकाल येईल तो बजावायला मला कुणी बोलावलं तरी मी मान वर करून जाईन.

आणि सही नाही केलीस, तरी तू मुलगा माझाच. पण मग मला पुढे कधी निर्दोष असल्यासारखं पत्र लिहू नकोस. ते वाचायला मला जमणार नाही.

अवनीला वेगळं पत्र आज टाकलं आहे. तिला मी काय लिहिलं ते तू विचारू नकोस. तिच्या पाकिटावर ‘चि. सौ.’ लिहिलं आहे, आणि तिला ते गाळावंसं वाटलं तर तिने गाळावं, असंही.

माझे आशीर्वाद तुझ्याबरोबर कोर्टात उभे राहतील, पाय दुखले तरी.

अप्पा


१९ सप्टेंबर २०२५

ती. अप्पांच्या चरणी शि. सा. नमस्कार, वि. वि.

तुमचं माझ्या नावाचं पत्र पोचलं. त्याला उत्तर नको असं तुम्ही लिहिलंत, म्हणून देत नाही. ते मी ठेवून दिलं आहे.

मंगळवारी श्रीहरीला भेटले. कागद या वेळी मी पुढे केला नाही, त्यानेच मागितला. सही केली. मग अर्जात ‘पुन्हा सुनावणी का हवी’ अशी जागा आहे, तिथे वकिलांनी लिहिलेल्या दोन पानांच्या खाली त्याने हाताने एक ओळ घातली. त्याचं म्हणणं असं की साक्षीदाराला मला काहीही विचारायचं नाही, त्याचं सगळं ऐकून घ्यायचं आहे. वकील वैतागले. म्हणाले, उलटतपासणीचा हक्क मिळवायला आपण स्ट्रासबर्गपर्यंत गेलो आणि हा माणूस लिहितो की त्याला काही विचारायचं नाही, असा अर्ज कोणी केलेला त्यांनी पाहिला नाही. त्यांनी ती ओळ खोडायला सांगितली. श्रीहरीने खोडली नाही.

अर्ज काल दुपारी कोर्टात दाखल झाला, मुदतीच्या पाच दिवस आधी. खटला उघडायचा की नाही ते आता इथलं कोर्ट ठरवेल. उघडला तर जुना निकाल निकाल राहणार नाही. त्या जागी काय येईल हे कुणाला माहीत नाही, मलाही नाही. मी त्याच्याबरोबर असेन की नाही तेही विचारू नका. सुनावणीला मात्र असेन. मागच्या वेळी मी त्याच्या बाजूच्या बाकावर बसले होते, आता कुठे बसायचं ते त्या दिवशी बघेन.

कोर्टातून निघताना वकिलांनी विचारलं, घरी काय कळवणार? जिंकलो म्हणून की हरलो म्हणून? मी म्हटलं, साक्षीदार येणार आहे, एवढंच कळवीन.

तुमच्याकडून चार ओळी आल्या तरी चालतील. पानं मी मोजणार नाही.

तुमची
अवनी